काळ्या कातळातला हिरा

गेल्या महिन्यात आदिलाबादनजीकच्या एका खेड्यातून एका वाचक भगिनींचे पत्र आले. पत्रासोबत कापसात गुंडाळलेला, बोराएवढा एक चमकदार खडा होता. शेतात नवी विहीर खणताना पाच पुरुष खोलीवर सुरुंग लावला, तेव्हा काळ्या कातळात एक पोकळी उघडी पडली आणि तिच्या आतल्या भिंतीवर असे शेकडो खडे उन्हात लखलखू लागले. बातमी गावभर झाली. आठ दिवसांत शहरातून एक गृहस्थ आले. त्यांनी भिंगातून खडे पाहिले, मान डोलावली आणि सांगितले, "हा ज्वालामुखीचा दगड आहे आणि हिरा ज्वालामुखीच्याच दगडात होतो, हे शाळेच्या पुस्तकातही लिहिलेले असते. पुढच्या तपासणीचा खर्च तेवढा तुम्ही करा. निघेल त्यात निम्मे तुमचे." रक्कम मोठी होती. भगिनींचे धाकटे दीर चार एकर जमीन गहाण टाकायला तयार झाले. मामंजी गप्प बसून राहिले. यजमान द्विधा मनःस्थितीत. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "घरात रोज संध्याकाळी याच विषयावरून वाद होतो. आमची नववीतली मुलगी विचारते की, गोवळकोंड्याला हिरे होते, मग आपल्याकडे का नसावेत? मला उत्तर देता येत नाही. आपण द्याल का?"

त्या भगिनींना उत्तर टपालाने त्याच दिवशी पाठविले. परंतु मुलीचा प्रश्न इतका रास्त आहे की, त्याचे सविस्तर उत्तर या पानावर सर्वच वाचकांपुढे मांडावे असे वाटले. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून पलीकडे गेले. पुढे २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचेही आदिलाबाद, निर्मळ, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. नकाशे बदलले, कातळ मात्र तोच राहिला. तेव्हा प्रथम त्या कातळाचीच ओळख करून घेऊ.

आदिलाबादच्या पठारावरचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सह्याद्रीचे कडे ज्याचे, अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली, तोच हा दख्खनचा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून शिलारस उसळला आणि थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. सह्याद्रीत या थरांची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते. आदिलाबाद मात्र त्या चादरीच्या पूर्वेकडच्या काठावर आहे. येथे ती विरळ होत जाते आणि जागोजागी तिच्याखालचे जुने खडक डोके वर काढतात. निर्मळच्या बाजूला गेले की ग्रॅनाइटचे गोलाकार धोंडे दिसू लागतात; पैनगंगेच्या खोऱ्यात चुनखडी लागते; आणि पूर्वेला बेल्लमपल्लीकडे कोळसा.

शहरातल्या त्या गृहस्थांचे विधान अर्धे खरे होते आणि अर्धे सत्य हे पूर्ण असत्यापेक्षा महागात पडते. हिरा ज्वालामुखीय खडकात सापडतो, हे खरे. पण कोणत्याही ज्वालामुखीय खडकात सापडतो, हे खरे नव्हे. त्याचे कारण समजण्यासाठी हिऱ्याच्या जन्मस्थानी उतरावे लागेल.

हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. पेन्सिलीतले शिसे, म्हणजे ग्रॅफाइट, हेही कार्बनच. दोहोंत फरक आहे तो अणूंच्या मांडणीचा, आणि ती मांडणी ठरविते ती दाब व उष्णता यांची जोडी. जमिनीखाली सुमारे दीडशे ते दोनशे किलोमीटर खोलीवर, जेथे दाब वातावरणाच्या पंचेचाळीस हजार पटींहून अधिक आणि उष्णता नऊशे ते तेराशे अंश सेल्सियस असते, तेथे कार्बन हिऱ्याच्या रूपात स्थिर राहतो. यातली मेख अशी की, एवढ्या खोलीवर दाब सर्वत्रच प्रचंड असतो. पण उष्णता बेताची असेल अशा जागा थोड्या. भूखंडांच्या अतिप्राचीन गाभ्यांखाली मात्र प्रावरणाचा थर एखाद्या जुन्या वटवृक्षाच्या मुळासारखा खोलवर गेलेला असतो, आणि तो त्या मानाने थंड असतो. भूवैज्ञानिक अशा गाभ्यांना क्रॅटॉन म्हणतात. हिऱ्यांची कोठारे आहेत ती या मुळांत. टी. एन. क्लिफर्ड या भूवैज्ञानिकाने १९६६ साली हा नियम मांडला की, हिरे देणारे किंबर्लाइट अशा पुरातन व स्थिर गाभ्यांवरच आढळतात. पुढील शोधांनी तो नियम मोठ्या प्रमाणात खरा ठरविला.

येथे आणखी एक समजूत दूर केलेली बरी. कोळसा दाबला गेला की त्याचा हिरा होतो, असे आपण लहानपणी ऐकलेले असते. बेल्लमपल्लीच्या खाणींशेजारी राहणाऱ्यांना तर तो विचार फारच सोयीचा वाटावा! पण कोळसा ही वनस्पतींची देणगी आहे आणि बहुतेक हिरे पृथ्वीवर वनस्पती अवतरण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ले व फिन्श येथील हिऱ्यांत अडकलेल्या तामड्याच्या सूक्ष्म कणांचे वय १९८४ साली प्रसिद्ध झाले. ते निघाले तीनशे वीस कोटी वर्षांच्या घरात. ज्या किंबर्ले नळीतून ते हिरे वर आले, तिचे वय मात्र अवघे नऊ कोटी वर्षे!

याचा अर्थ वाचकांच्या ध्यानी आला असेल. हिरा हे ज्वालामुखीचे अपत्य नव्हे; तो ज्वालामुखीचा उतारू आहे. एस. टी.च्या गाडीत बसलेला प्रवासी गाडीत जन्मलेला नसतो. तो आधीपासून थांब्यावर उभा असतो. गाडी त्याच्या थांब्यावरून गेली तरच त्याला घेते, आणि वेळेवर पोहोचली तरच तो सुखरूप उतरतो. हिऱ्यांची वाटणी कोठे आणि किती, याचे सारे गणित या एका दृष्टान्तात सामावलेले आहे.

पहिली अट थांब्याची. गाडी दीडशे किलोमीटरहून खोल सुटली पाहिजे. किंबर्लाइट आणि त्याचा चुलतभाऊ लॅम्प्रोइट हे शिलारस अशाच खोलीवरून येतात. दख्खनच्या बेसाल्टचा रस मात्र त्याहून बऱ्याच उथळ थरात तयार झाला. जी गाडी त्या थांब्यावर गेलीच नाही, तिच्यात तो प्रवासी कसा असणार?

दुसरी अट वेगाची. वर येताना दाब कमी होत जातो, आणि कमी दाबात तप्त हिरा सुरक्षित नसतो. त्याचे ग्रॅफाइट होते, नाहीतर तो भोवतालच्या रसात विरघळून जातो. किंबर्लाइटमध्ये कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ विपुल असते. सोड्याच्या बाटलीचे बूच उडावे तसा तो काही तासांत, फार तर काही दिवसांत, वर फेकला जातो. पृष्ठभागाजवळ स्फोट होऊन गाजराच्या आकाराची नळी तयार होते. तिचे तोंड रुंद, खाली ती निमुळती होत जाते आणि मुळाशी नुसत्या भेगा उरतात. बेसाल्टचे काम याउलट असते. त्याचा रस वाटेत कोठारांत साचतो, मुरतो आणि मग सावकाश ओसंडतो. चुकून एखादा हिरा त्यात पडलाच, तरी त्या दीर्घ तप्त मुक्कामात तो टिकणे कठीण.

तिसरी अट नशिबाची म्हणावी अशी आहे. नळी खोलवरून आली, वेगाने आली, तरी तिने हिऱ्यांच्या थरातूनच वाट काढली असेल असे नाही. याचे उदाहरण तेलंगणातच आहे. आपल्या घरांतून ज्या गावाची लुगडी आजही जपून ठेवलेली असतात, त्या नारायणपेठच्या परिसरात, मद्दूर-कोटकोंडा भागात, किंबर्लाइटच्या नळ्या सापडल्या आहेत. पण त्या बहुतांशी हिऱ्यांवाचून आहेत. त्याच प्राचीन दक्षिणी गाभ्यावर, अनंतपूर जिल्ह्यातील वज्रकरूर भागात, जवळजवळ तेवढ्याच वयाच्या, म्हणजे सुमारे एकशे दहा कोटी वर्षांच्या नळ्यांत हिरे आहेत. त्या गावाचे नावच पाहा! एकाच नळीतही हिरे सारखे विखुरलेले नसतात. ती अनेकदा उसळते. प्रत्येक उसळीतला माल निराळा असतो. भोवतालच्या खडकाचे तुकडे मिसळले की प्रमाण आणखी पातळ होते. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात मझगवाँ येथे राष्ट्रीय खनिज विकास निगमाची जी खाण प्रसिद्धीस आली, तेथे शंभर टन खडकामागे सुमारे दहा कॅरट हिरे हे प्रमाण धरले जाते. दहा कॅरट म्हणजे दोन ग्रॅम. पाच कोटी भागांत एक भाग! आणि ही आपल्या देशातली नावाजलेली खाण. विहिरीच्या भिंतीवर शेकड्यांनी हिरे चिकटलेले असणे निसर्गाच्या रीतीतच बसत नाही, हे यावरून कळून यावे.

मग गोवळकोंड्याचे काय? गोवळकोंड्याच्या किल्ल्यात हिऱ्यांची खाण कधीच नव्हती; होती ती पेठ. हिरे येत ते कृष्णाकाठच्या कोल्लूर, परिटाला अशा ठिकाणांहून. सतराव्या शतकात टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या कोल्लूरला जाऊन आला. तेथे साठ हजार माणसे काम करीत असल्याचे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदविले आहे. पण तेथेही ती माणसे ज्वालामुखीचा कातळ फोडीत नव्हती. ती नदीकाठची वाळू आणि गोटे धूत होती.

येथे निसर्गाची दुसरी प्रक्रिया सुरू होते. नळीचा खडक मऊ. ऊनपावसाने तो कुजतो, आधी निळसर आणि मग पिवळी माती होते आणि वाहून जाते. हिरा मात्र कुजत नाही. पाण्याच्या साडेतीनपट जड असल्याने तो हलक्या वाळूबरोबर दूर न जाता खडकाच्या खळग्यांत आणि गोट्यांच्या थरात बसून राहतो. वाटेत चिरा पडलेले, कच्चे हिरे फुटून जातात. उरतात ते बहुधा निर्दोष. अशा रीतीने नदी ही उत्तम पारखी ठरते. हे गोटे पुढे घट्ट होऊन त्यांचा पिंडाश्म बनतो. बनगानपल्लीचा हिरेवाहक पिंडाश्म असाच, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्रवाहांनी रचलेला. तो पुन्हा झिजतो आणि हिरा पुन्हा नव्या नदीच्या स्वाधीन होतो. म्हणजे एकाच हिऱ्याने पाताळातून पृष्ठभागावर एक आणि पृष्ठभागावर दोन-तीन असे कित्येक प्रवास केलेले असतात.

आता आदिलाबादकडे परत येऊ. या भूमीचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. नैर्ऋत्येला, निर्मळच्या ग्रॅनाइटपासून पुढे, दक्षिणेचा धारवाडी गाभा पसरलेला आहे. ईशान्येला, प्राणहितेच्या पलीकडे, बस्तरचा गाभा आहे. या दोन वडीलधाऱ्या गाभ्यांच्या मध्ये जमीन खचून गोदावरी-प्राणहितेचे खोरे झाले आणि त्यात कोट्यवधी वर्षे गाळ साचत राहिला. त्याच गाळात बेल्लमपल्लीचा कोळसा निपजला, आणि त्याच खोऱ्यातील यामनपल्लीच्या प्रचंड सरड्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात आपल्यापैकी अनेकांनी मुलांसह पाहिला असेल. खचलेल्या, ताणलेल्या अशा पट्ट्याखाली प्राचीन गाभ्याचे ते थंड, खोल मूळ शाबूत राहणे अवघड. म्हणून आदिलाबादच्या दोन्ही अंगांना हिऱ्यांचा इतिहास आहे आणि मधले अंग रिकामे आहे.

पलीकडच्या अंगाचा इतिहास तर मराठी मुलखातलाच. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी तालुक्यात, खोब्रागडी नदीच्या काठी वैरागड आहे. तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरच्या आईन-इ-अकबरीत 'बिरागढ' या नावाने आलेला आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्यांच्या उगमस्थानांमध्ये वेणा नदीचा तीर सांगितला आहे. काही अभ्यासक ती वेणा म्हणजे वैनगंगा मानतात, तर काही कृष्णेकडे बोट दाखवितात. वैरागडचे हिरेही काळ्या कातळातले नव्हेत. मुरमाड माती आणि गोट्यांतले. ते मूळ कोणत्या नळीतून आले, हा भूवैज्ञानिकांपुढचा जुना प्रश्न आहे.

आणि आता या साऱ्या कथेतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग सांगतो. वैरागडच्या पूर्वेला, त्याच बस्तरच्या गाभ्यावर, छत्तीसगडमधील मैनपूर परिसरात बेहराडीह आणि पायलीखंड येथे हिरे असलेल्या किंबर्लाइट नळ्या सापडल्या. प्रथम त्या फार पुरातन असाव्यात असा समज होता. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे निघाले. म्हणजे आपल्या काळ्या कातळाचे जे वय, तेच! ज्या काळी दख्खनच्या भेगांतून लाव्हाचे पूर वाहत होते, त्याच काळी पूर्वेला, जाड व थंड मुळाच्या प्रदेशात, खोलवरचा थोडासा रस वेगाने वर येऊन हिरे घेऊन बाहेर पडत होता. ज्या उष्णतेने इकडे पूर आणला, तिनेच तिकडे ही चिमूटभर संपत्ती वर पाठविली, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. एकाच यजमानाच्या घरी एका पंगतीला भात वाढला गेला आणि दुसऱ्या पंगतीला केशर, असेच हे म्हणावयाचे! अग्नी एक, जमिनीच्या मुळाप्रमाणे प्रसाद मात्र वेगळा.

तेव्हा मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे: बाळ, आपला कातळ ज्वालामुखीचाच आहे, पण तो उथळ ठिकाणाहून, सावकाश आला. हिऱ्याला खोल आणि वेगवान वाहन लागते.

मग विहिरीत लखलखले ते काय? लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहतात. पुढे त्या पोकळ्यांत झिरपणारे पाणी सिलिका आणि इतर द्रव्ये आणून सोडते आणि सावकाश त्यांचे स्फटिक वाढतात. कधी गारगोटी, कधी अकीक, कधी झिओलाइटचे नाजूक, मोत्यासारखी झाक असलेले झुबके. पाठविलेला खडा मी भिंगाखाली पाहिला. सहा बाजू, टोकाला निमुळता आणि बाजूंवर आडव्या बारीक रेघा. ती गारगोटीच. हिऱ्याचा नैसर्गिक स्फटिक पुष्कळदा आठ पैलूंचा, दोन मनोरे तळाशी जोडल्यासारखा असतो आणि त्याची झळाळी किंचित तेलकट वाटते. 'हिरा तो हिरा, गार ती गार' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही.

दोन घरगुती परीक्षांविषयी सावध करतो. काचेवर ओरखडा उठला म्हणजे हिरा, असे समजू नये. काचेचे काठिन्य साडेपाचच्या आसपास, गारगोटीचे सात. ती काच सहज ओरखडते. दुसरी परीक्षा ऐरणीची. संतवाङ्मयात खऱ्या हिऱ्याला घणाचे घाव सोसावे लागल्याचे रूपक आलेले आहे. ते भक्ताच्या निष्ठेविषयी खरे आहे, हिऱ्याविषयी मात्र नाही. हिरा कठीण आहे, चिवट नाही. ठराविक दिशेने घाव बसला की तो सरळ दुभंगतो. या परीक्षेपायी आजवर किती खरे हिरे फुटले असतील, कोण जाणे! शंका असेल तर जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांना खडा दाखवावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दक्षिण विभागाचे कार्यालय हैदराबादेतच आहे. जाणकार मंडळी हिऱ्याचा शोध घेतात तेव्हा आधी हिरा शोधीतच नाहीत. ओढ्या-नाल्यांच्या वाळूत विशिष्ट जातीचा जांभळट तामडा आणि हिरवे क्रोम-डायोप्साइड यांचे कण पाहतात, आणि त्यांचा माग काढीत प्रवाहाच्या उगमाकडे जातात. हिऱ्याच्या थराची ही साक्षीदार खनिजे मिळाली नाहीत, तर पुढे खणण्यात अर्थ नसतो. शिवाय असे शोधकार्य १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्यानुसार परवान्यावाचून कोणालाही करता येत नाही. भिंग घेऊन दारी आलेल्या मनुष्याजवळ असा परवाना आहे काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा.

भगिनींचे दुसरे पत्र परवाच आले. यजमानांनी तो प्रश्न विचारला; गृहस्थ "कागद घेऊन येतो" म्हणून गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. जमीन गहाण पडली नाही. दीर मात्र अजून रुसलेले आहेत. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. तीन वर्षे कापसाने दगा दिला असेल, तर जमिनीतून एकदा तरी काही चमकून वर यावे, ही आशा कोणाही शेतकऱ्याच्या मनात येईल. विहिरीला पाणी लागले आहे, असे त्या लिहितात, आणि तेही त्या पोकळीच्या खालच्याच थरात, चांगले दोन पुरुष. मामंजींनी सर्वांत मोठी गारगोटी धुऊन देवघराच्या कोनाड्यात ठेवली आहे. नात विचारते, "आजोबा, हा हिरा नाही ना?" ते म्हणतात, "नाही. पण आपल्याच विहिरीतला आहे."